टाचेखालचे ४२ मिलिमीटर

मुंबईत १ फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचा दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे झाला आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा २० रुपये ६६ पैसे. आता टाचेखाली जाडजूड फोम असलेला, ‘रोजच्या सरावासाठी’ म्हणून विकला जाणारा एखादा बूट घ्या. नामांकित कंपनीचा असा जोड पंधरा हजारांच्या आसपास पडतो, आणि बूट बनवणारेच सांगतात की पाचशे ते आठशे किलोमीटर पळून झाले की तो बदला. मध्यममार्गी माणसाप्रमाणे सहाशे धरले, तर किलोमीटरमागे २५ रुपये होतात. म्हणजे दादरहून वरळीला स्वतःच्या पायांनी, स्वतःचा घाम गाळत जाणं हे टॅक्सीत मागे रेलून जाण्यापेक्षा महाग आहे. पळायला काय लागतं, उठायचं आणि सुटायचं, असं म्हणणारी पिढी हा हिशेब न बघताच गेली ते बरं झालं. एवढे पैसे मोजायचे म्हटल्यावर माणूस चार ठिकाणी चौकशी करणार, हे उघड आहे. माझी तक्रार चौकशीबद्दल नाहीच. ती भलत्याच गोष्टीची होते, एवढंच माझं म्हणणं आहे. दोन गुबगुबीत बुटांपैकी कुठला घ्यावा यावर लोक तीन-तीन आठवडे जे खल करतात, त्यातला बहुतेक खल बुटाबद्दल असतो. आणि निकाल मात्र पायावर अवलंबून असतो.

उदाहरण म्हणून हल्ली सर्रास एकमेकांसमोर उभी केली जाणारी जोडी घेऊ: होका कंपनीचा क्लिफ्टन १० आणि असिक्सचा जेल-निंबस २७. घराणी दोन टोकांची. होका २००९ साली फ्रान्समधल्या आनसीत जन्मली. निकोला मेर्मू आणि जाँ-ल्यूक दियार या दोन डोंगरवेड्यांना उतारावरून सुसाट पळत खाली यायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी बुटाचा तळ भलामोठा केला. आल्प्सच्या उतारासाठी काढलेली ही युक्ती आज शिवाजी पार्काच्या सपाट कट्ट्याभोवती फेऱ्या मारते आहे, ही गोष्ट वेगळी. असिक्सचं मूळ जपानातल्या कोबे शहरात. किहाचिरो ओनित्सुका यांनी १९४९ मध्ये कंपनी काढली, आणि जेवताना ऑक्टोपसच्या कोशिंबिरीतले शोषक बघून बास्केटबॉलच्या बुटाचा तळ कसा असावा हे त्यांना सुचलं. ताटात आलेला पदार्थ खायचा सोडून त्याच्या तळव्यांचा अभ्यास करणारा माणूस कारखानदार होणार नाही तर काय होणार! पुढे १९८६ मध्ये या कंपनीने बुटात जेल आणलं, आणि नंतर ते बाजूने दिसावं अशी सोयही केली, कारण न दिसणाऱ्या सुखाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही असा तेव्हा समज होता. निंबसच्या २५व्या आवृत्तीपासून ते जेल फोमच्या पोटात गेलं. आता ते नावात आहे, किमतीत आहे, फक्त डोळ्यांना दिसत नाही.

तर अशी ही दोन स्थळं. लोक त्यांच्या पत्रिका मांडतात. क्लिफ्टन १०च्या पुरुषांच्या बुटात टाचेखाली ४२ मिलिमीटर आणि चवड्याखाली ३४. निंबस २७मध्ये ४३.५ आणि ३५.५. दोहोंची वजाबाकी केली की येतो तो ‘ड्रॉप’, आणि तो दोघांचाही आठच. छत्तीसपैकी पस्तीस गुण जुळले म्हणा. फ्रेंच डोंगर आणि जपानी कोशिंबीर अशा दोन टोकांवरून निघालेली मंडळी शेवटी एकाच फूटपट्टीच्या एकाच खुणेवर येऊन थांबली आहेत, आणि आपण त्या दीड मिलिमीटरच्या फरकावर रात्री जागवतो आहोत. यातली खरी गंमत पुढेच आहे. याच क्लिफ्टनच्या आधीच्या, नवव्या आवृत्तीत ड्रॉप पाचचा होता; दहावीत कंपनीने तो आठ केला. म्हणजे ड्रॉपच्या बाबतीत एकाच नावाच्या दोन सख्ख्या भावंडांत जेवढा फरक आहे, तेवढा या दोन शत्रुपक्षांत उरलेला नाही. ‘मी कायम अमुकच घालतो’ असं अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आपण नावाशी एकनिष्ठ राहतो आणि नावाखालचा बूट दर वर्षा-दीड वर्षाने बदलत असतो.

वजनाचं म्हणाल तर निंबस ३०५ ग्रॅमच्या आसपास आणि क्लिफ्टन २८०च्या जरा खाली. फरक दहा रुपयांच्या तीन-चार नाण्यांचा. बुटाचं वजन शंभर ग्रॅमने वाढलं तर पळायला लागणारी ऊर्जा सुमारे एक टक्क्याने वाढते, असं प्रयोगशाळेत मोजलं गेलं आहे. म्हणजे या फरकाने पाव टक्का. तासभर पळणाऱ्याच्या वेळात तो जसाच्या तसा उतरला असं धरलं, तरी नऊ-दहा सेकंद होतात. रोजच्या सरावात एवढा वेळ पेडर रोडच्या सिग्नलला ‘आता जाऊ की नको’ करण्यात जातो आणि त्याबद्दल कुणी तक्ता मांडत नाही. शिवाय ‘जास्त वेग’ या कारणासाठी यातला एकही बूट घ्यायचा नसतो. रस्त्यावरच्या शर्यतींत अव्वल धावपटूंच्या बुटाचा तळ ४० मिलिमीटरहून जाड नसावा असा जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचा नियम आहे. २०२१च्या व्हिएन्ना मॅरेथॉनमध्ये देरारा हुरिसा पहिला आला आणि पाच सेंटिमीटरच्या तळामुळे बाद झाला. कंपन्यांनीच दिलेल्या आकड्यांनुसार आपले दोन्ही उमेदवार त्या मर्यादेपलीकडे आहेत. तेव्हा ऑलिंपिकला निघालात तर दोन्ही घरी ठेवा. सोसायटीच्या दौडीत कुणी पट्टी घेऊन उभं नसतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो बहुधा चाळिशी ओलांडलेल्यांकडून येतो: वेग गेला खड्ड्यात, आम्ही गुडघ्यांसाठी घेतो. जितका मऊ बूट तितका गुडघ्याला आराम. हे ऐकायला इतकं बरोबर वाटतं की तपासायचं कुणाला सुचत नाही; पण फिनलंडमधल्या संशोधकांना सुचलं. २०१८ मध्ये त्यांनी १२ पुरुषांना एकदा साधारण जाडीच्या ब्रुक्स घोस्टमध्ये आणि एकदा होकाच्याच एका जाडजूड बुटात पळवलं. ताशी १४.५ किलोमीटरच्या वेगाला जमिनीचा धक्का जास्त बसला तो जाड बुटात. कारण पाय मूर्ख नाही. खाली मऊ लागलं की तो स्वतः ताठ होतो, म्हणजे एकंदर उसळी पूर्वीइतकीच राहते. कंपनीने दिलेलं सुख शरीराने परस्पर वळतं करून घेतलं. आता बाराच माणसं होती, हे मान्य. आणि ताशी १४.५ हा वेग आपल्यापैकी बहुतेकांना फलाटावरून सुटणारी लोकल पकडतानाच लाभतो, हेही मान्य. पण मऊ म्हणजे आपोआप सुरक्षित हा हिशेब तेवढा सरळ नाही, एवढं तर यातून दिसतं.

मात्र एकाच प्रयोगावर उड्या मारणं बरं नव्हे, कारण दुसऱ्या बाजूलाही वजनदार पुरावा आहे. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंना दिसायला एकसारखे पण फोमच्या कडकपणात वेगळे असे बूट वाटले गेले; कुणाला कुठला मिळाला हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. २०२०च्या या अभ्यासात कडक बूटवाल्यांना दुखापतीचा धोका दीडपट निघाला. म्हणजे मऊपणाचा फायदा आहे! पण घाई करू नका, खाली बारीक अक्षरं आहेत. हा फायदा दिसला तो हलक्या वजनाच्या धावपटूंत; वजनदारांत मऊ आणि कडक यांत ठळक फरक आढळला नाही. दुकानात जाड सोलकडे सगळ्यात आशेने कोण बघतं, हे आठवून पाहा. ‘वजन जरा वाढलंय, म्हणून जास्त कुशनचा दाखवा’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी असतं, नेमका त्यांनाच हा पुरावा लागू पडत नाही. विज्ञानाला विनोदबुद्धी नसते असं कोण म्हणतं? आणि हा फायदा सर्वांना मिळतो असं धरलं तरी आपला प्रश्न सुटत नाही, कारण तुलना मऊ आणि कडक यांची होती. आपले दोन्ही उमेदवार मऊच आहेत. २०२२ मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या परीक्षणाने १२ चाचण्या आणि ११,२४० माणसं एकत्र तपासली. अमुक प्रकारचा बूट घातला तर दुखापती कमी होतील असं खात्रीने म्हणण्याजोगं त्यातून फारसं काही हाती आलं नाही.

मग अनवाणीच पळा की, असा दुसरा आक्षेप येतो, आणि तो करणाऱ्यांचा चेहरा फार शांत असतो. त्यांच्याकडे दाखलेही भारी असतात. अबेबे बिकिला १९६०च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी पळाला आणि २ तास १५ मिनिटं १६ सेकंदांत जिंकला. आपल्याकडे मिलिंद सोमण आहेतच. पण बिकिलाची गोष्ट लोक रोमलाच सोडून देतात. पुढच्याच वर्षी जपानातल्या एका मॅरेथॉनच्या वेळी ओनित्सुकांनी त्याला गाठून आपले बूट घालायला राजी केलं, आणि ती शर्यत त्याने बुटात जिंकली. आणि १९६४ मध्ये टोकियोला पुन्हा बुटातच, रोमपेक्षा तीन मिनिटांनी लवकर, सुवर्णपदक घेतलं. पाय तोच, तळ निराळा, निकाल एकच. २००९ मध्ये क्रिस्टोफर मॅकडूगलच्या ‘बॉर्न टू रन’ने अमेरिकेत अनवाणी पळण्याची लाट आणली, तेव्हा पाच बोटांचे पातळ बूट धडाधड खपले. ते बनवणाऱ्या व्हायब्रम कंपनीने पाय मजबूत होतात वगैरे दावे केले होते. गिऱ्हाइकं कोर्टात गेली आणि २०१४ मध्ये ३७ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. म्हणजे जाड तळवाल्यांनी जे सिद्ध केलं नाही, ते पातळ तळवाल्यांनाही करता आलं नाही. जन्मभर चपला-बूट घातलेला पाय एका सोमवारी सकाळी डांबरावर मोकळा सोडणं याला निसर्गाकडे परतणं म्हणत नाहीत. मऊ बुटात पळायला बरं वाटतं. एवढं कारण पुरेसं आहे, त्याला वैद्यकीय मुलामा द्यायची गरज नाही.

तिसरा आक्षेप दुकानातून येतो, आणि त्याला यंत्रांचा पाठिंबा असतो. ट्रेडमिलवर पळवतात, मागून घोट्यांचं चित्रण करतात, तळव्याचा ठसा घेतात, आणि मग विशीतला विक्रेता गंभीर चेहऱ्याने सांगतो, “अंकल, तुमची कमान बसलीय.” कमान बसलीय हे ऐकून ज्याचा धीर सुटत नाही असा अंकल विरळा. त्या क्षणी तो कुठलाही बूट घेईल. पण हाच प्रयोग अमेरिकी लष्कराने, हवाई दलाने आणि मरीन दलाने हजारो रंगरुटांवर करून पाहिला आहे: अर्ध्यांना तळव्याच्या कमानीप्रमाणे बूट दिले, उरलेल्यांना सरसकट एकच प्रकार. प्रशिक्षणाच्या आठवड्यांत दुखापतींमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. ज्या संस्थेत माणसाचा पाय नेमून दिलेल्या वेळी नेमून दिलेल्या दिशेलाच पडतो, तिथे जे साधलं नाही ते मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर सात मिनिटांत साधेल, असं मानायला मोठी श्रद्धा लागते.

मग बघायचं तरी काय? पहिली गोष्ट रुंदी, आणि हिच्याबद्दल गंभीर तुलनांमध्ये सगळ्यात कमी लिहिलं जातं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरच्या ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांचे पाय मोजले. निष्कर्ष असा, की भारतीय पाय युरोपीय आणि अमेरिकी पायांपेक्षा रुंद असतात. त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती प्रस्तावित झाली. पिढ्यान्‌पिढ्या आपण बुटाच्या पुढच्या भागात करंगळी कोंबत आलो, आणि कोंबली जात नाही म्हटल्यावर एक नंबर मोठा घेत आलो. मग टाच मागे सटकते, म्हणून नाडी आवळायची, मग वरून पाऊल दुखतं, आणि शेवटी दोष फोमला. दोन बुटांच्या तळात दीड मिलिमीटरचा फरक असताना चवड्याच्या घडणीतला फरक त्याहून कितीतरी जास्त जाणवू शकतो, आणि तो कुठल्याही जाहिरातीत छापलेला नसतो. तो पायालाच कळतो. मला विचाराल तर बूट बाद करायचं हे एकमेव सबळ कारण आहे: करंगळी तक्रार करत असेल तर तो बूट कितीही पुरस्कार मिळवलेला असो, नको.

दुसरी गोष्ट आराम. कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग यांनी आयुष्यभर पळणाऱ्या पायांच्या हालचाली मोजल्या आणि २०१५ मध्ये सहकाऱ्यांसह असं सुचवलं, की जो बूट घातल्यावर सुखद वाटतो तो निवडावा. शरीर आपल्या सोयीची चाल आपोआप निवडत असतं आणि आराम ही त्याची खूण असते. एवढी यंत्रं, एवढे कॅमेरे, आणि शेवटी तेच, जे कोल्हापुरातला चप्पलवाला म्हणतो: घालून बघा. हे अजून सूचनेच्या पातळीवरच आहे, पण अगदीच हवेतलं नाही. त्याआधी २००१ मध्ये निग यांच्याच गटाने सैनिकांपुढे सहा प्रकारचे इनसोल ठेवून आवडेल तो घ्यायला सांगितलं होतं. आपल्या पसंतीचा इनसोल वापरणाऱ्यांत दुखणी इतरांपेक्षा कमी निघाली.

यावर शहाणा माणूस म्हणेल की आराम फसवा असतो. दुकानाच्या गालिच्यावर मऊ बूट घालून उभं राहिलं की सगळंच मखमली वाटतं. पाच किलोमीटरनंतर काय? आक्षेप रास्त आहे, आणि उत्तरही साधं आहे. उभं राहून ठरवू नका, पळून ठरवा. फोम उभ्या माणसाखाली वेगळा वागतो आणि पळणाऱ्याखाली वेगळा, कारण पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पडतो. दिवसभरात पाय सुजतात, तेव्हा संध्याकाळी जा. पळताना घालता तेच मोजे घेऊन जा. ऑफिसच्या पातळ मोज्यांवर घेतलेला निर्णय जाड मोज्यांवर उलटतो. एका पायात हा आणि दुसऱ्यात तो घालून दुकानातल्या मोकळ्या जागेत चार फेऱ्या मारा, मग पाय बदलून पुन्हा मारा. लोक बघतील. बघू देत, किलोमीटरला २५ रुपये तुम्ही भरणार आहात, ते नाही.

शेवटचा आक्षेप सगळ्यात गोड आहे: दोन्ही घेतले तर? याच्या बाजूनेही लक्झेंबर्ग उभं आहे. २०१५च्या तिथल्या अभ्यासात २६४ धावपटूंच्या २२ आठवड्यांच्या नोंदी होत्या, आणि आलटूनपालटून एकाहून अधिक जोड वापरणाऱ्यांत दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी दिसला. दुकानदारांनी हा आकडा अजून फ्लेक्सवर लावला नाही याचं नवल वाटतं. पण चार जोड बाळगणारा माणूस बहुधा इतरही काळज्या घेणारा असतो, तेव्हा सगळं श्रेय बुटांना देऊ नये. आपल्याकडे मात्र दुसऱ्या जोडाची गरज संशोधनापेक्षा आभाळ जास्त चांगली पटवून देतं. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते, म्हणजे तयारी ऐन पावसाळ्यात सुरू होते. जुलैत भिजलेला जाड फोमचा बूट आत वर्तमानपत्र कोंबून, पंख्याखाली उपडा ठेवून, सकाळपर्यंत वाळेल ही आशा ठेवणारा माणूस मराठी असो वा नसो, आशावादी निश्चित असतो. दुसरा जोड हवाच. पण तोही पंधरा हजारांचाच हवा असं आभाळाने कुठे म्हटलेलं नाही.

तेव्हा माझा निकाल असा: क्लिफ्टन आणि निंबस दोन्ही पायात घालून पळा, करंगळीला जो सलेल तो तिथेच सोडा. दोन्ही सारखेच सुखाचे वाटले, आणि बहुतेकांना ते वाटतील, तर त्या दिवशी जो स्वस्त असेल तो घ्या. मागच्या आवृत्तीचा जोड सवलतीत पडला असेल तर आधी तोच घालून बघा. फक्त जुना क्लिफ्टन असेल तर त्याचा ड्रॉप पाचचा आहे हे ध्यानात असू द्या आणि पहिले दोन आठवडे पोटऱ्यांना जरा सांभाळून घ्या. वाचलेल्या पैशांत पावसाळ्यासाठी एक साधा जोड बसवा. विक्रेत्याने कमानीबद्दल काही सांगितलं तर आभार माना आणि बिल करायला सांगा.